विश्लेषण : मोठे मॅगव्हील, दणदणीत स्पीकर… गाडीत बदल करताना मोजमाप काय सांगते आणि कायदा काय?

नवी गाडी शोरूममधून घरी येते, पूजा होते, चाकाखाली लिंबू फुटते आणि पुढच्याच रविवारी तीच गाडी अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानासमोर जॅकवर उभी असते. पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाऊसचा परिसर किंवा कुर्ल्याचा सीएसटी रस्ता, चित्र साधारण सारखेच. कंपनीची लोखंडी रिम आणि प्लास्टिकचे व्हीलकव्हर उतरते, एक-दोन इंच मोठे मॅगव्हील चढते. मग दरवाज्यांत नवे स्पीकर येतात आणि डिकीत वूफर, ज्याला निम्मा महाराष्ट्र ‘बफर’च म्हणतो. ‘बसते’ हा या बाजाराचा परवलीचा शब्द. पण चार नट आवळले गेले म्हणजे चाक योग्य बसले असे नाही, आणि आवाज आला म्हणजे वायरिंग बरोबर झाले असेही नाही. फरक काही मिलिमीटरचा किंवा काही अँपिअरचा असतो. तो चुकला तर दंड, विम्याचा वाद आणि अपघात या तिन्ही गोष्टी गाडीमालकाच्या वाट्याला येतात.

टायरवरचे आकडे काय सांगतात?

टायरच्या कडेला छापलेली ‘१८५/६५ आर १५ ८८ एच’ अशी ओळ बहुतेक वेळा न वाचताच राहते. यात १८५ ही टायरची मिलिमीटरमधली रुंदी. ६५ म्हणजे रबरी भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १२० मि.मी. १५ हा रिमचा इंचातला व्यास. ८८ हा भार निर्देशांक, म्हणजे त्या टायरची क्षमता ५६० किलो. आणि ‘एच’ म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग सोसण्याची पात्रता.

चाक मोठे करण्याचे गणित याच ओळीत आहे. मारुती स्विफ्टचे उदाहरण घ्या. तिच्या खालच्या श्रेणीत १६५/८० आर १४ टायर मिळतात, वरच्या श्रेणीत १८५/६५ आर १५. रिम एक इंचाने वाढली, पण टायरसह चाकाचा एकूण व्यास पाहिला तर तो आधी सुमारे ६१९.६ मि.मी. आणि नंतर ६२१.५ मि.मी. भरतो. फरक दोन मिलिमीटरपेक्षा कमी. कंपनीने रिम मोठी केली तेवढीच रबराची भिंत छोटी केली. १६ इंची रिमवर १९५/५५ घेतला तर ६२०.९, १७ इंचीवर २०५/४५ घेतला तर ६१६.३ मि.मी. म्हणजे हेही गणितात बसते.

आता दुसरी बाजू. टायर ‘भरदार’ दिसावा म्हणून त्याच १५ इंची रिमवर २०५/६५ टायर चढवला, जो आकार जुन्या इनोव्हाला येत असे, तर व्यास ६४७.५ मि.मी. होतो. वाढ चार टक्क्यांहून अधिक. चाक एका किलोमीटरला ५१२ ऐवजी ४९२ फेरे मारते. स्पीडोमीटर मात्र फेऱ्याच मोजतो. चाक बदलले हे त्याला कोणी सांगितलेले नसते. कंपन्या स्पीडोमीटर मुळात किंचित पुढे ठेवतात, ती राखीव जागा या बदलाने खाऊन टाकली जाते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात कारला ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे. काटा शंभरवर ठेवून निश्चिंत बसलेल्या चालकाची गाडी प्रत्यक्षात त्याहून वेगाने धावत असू शकते, आणि तिथल्या कॅमेऱ्याला टायरचा आकार सांगून उपयोग नसतो. शिवाय वळताना किंवा मागे तीन जण बसल्यावर असा टायर आतल्या प्लास्टिकला घासतो, ते वेगळेच.

भार निर्देशांकाकडे तर कोणी पाहतच नाही. २०५/४५ आर १७ हा टायर साध्या प्रकारात ८४ निर्देशांकाचा, म्हणजे ५०० किलोचा मिळतो आणि अतिरिक्त भाराच्या प्रकारात ८८ म्हणजे ५६० किलोचा. दिसायला दोन्ही सारखे, आकारही तोच. एका टायरमागे ६० किलो, म्हणजे चार टायरमागे २४० किलोंचा फरक फक्त दोन आकड्यांत लपलेला असतो. कंपनीने दिलेल्या निर्देशांकापेक्षा खाली उतरू नये, एवढा साधा नियम पाळला तरी पुरे. चालकाच्या दरवाज्याच्या खांबावर टायरचे मान्य आकार आणि हवेचा दाब सांगणारा स्टिकर असतो. दुकानात जाण्याआधी त्याचा फोटो काढून घ्यावा.

चार नट बसले, तरी चाक चुकीचे कसे?

रिमच्या बाबतीत व्यासाखेरीज तीन मोजमापे निर्णायक आहेत, आणि ती तिन्ही चाक लावल्यावर दिसेनाशी होतात.

पहिले पीसीडी. नटांच्या छिद्रांच्या मध्यातून जाणाऱ्या काल्पनिक वर्तुळाचा हा व्यास. स्विफ्ट, आय-२०, होंडा सिटी अशा अनेक गाड्यांचा पीसीडी ४ गुणिले १०० आहे, म्हणजे १०० मि.मी.च्या वर्तुळावर चार छिद्रे. फियाट पुंटोचा मात्र ४ गुणिले ९८. दोन मिलिमीटरचा हा फरक डोळ्यांना दिसत नाही. १०० ची रिम ९८ च्या हबवर जोर लावला तर बसतेही. फक्त बोल्ट तिरके आवळले जातात आणि त्यांच्यावर कायमचा ताण राहतो. बाजारात आठ छिद्रांची मॅगव्हील दिसतात ती दोन वेगवेगळ्या पीसीडीसाठी. एकच माल अनेक गाड्यांना विकता यावा, ही सोय मुख्यत्वे दुकानदाराची.

दुसरे सेंटर बोअर, म्हणजे रिमच्या मधले मोठे छिद्र. कंपनीच्या रिममध्ये हे छिद्र हबच्या उंचवट्यावर नेमके बसते. स्विफ्टच्या हबचा व्यास ५४.१ मि.मी. आहे, होंडा सिटीचा ५६.१, फोक्सवॅगन पोलोचा ५७.१. बाहेरच्या रिमचे छिद्र मात्र अनेकदा ७३.१ मि.मी. असते, सगळ्यांनाच बसावे म्हणून. म्हणजे स्विफ्टच्या हबभोवती चारी बाजूंनी साडेनऊ मिलिमीटर पोकळी राहते. चाक मध्यावर आणण्याचे काम मग एकट्या नटांवर पडते, आणि नट आवळताना चाक जरा जरी खाली लोंबले असेल तर ते तसेच घट्ट होते. याचे लक्षण ठरलेले : शहरात काही जाणवत नाही, महामार्गावर ऐंशी-नव्वदच्या पुढे स्टीअरिंग थरथरते. मालक पुन्हा पुन्हा बॅलन्सिंग करून घेतो, पण मशीनवर चाक निर्दोष दाखवते, कारण दोष चाकात नसून त्याच्या बसण्यात असतो. यावर उपाय आहे तो प्लास्टिकच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या हब रिंगचा. बाहेरून ७३.१ आणि आतून ५४.१ अशी ही कडी पोकळी भरून काढते. चार रिंगांची किंमत मॅगव्हीलच्या किमतीपुढे चिल्लर, पण मागितल्याशिवाय ती दिली जाईलच असे नाही.

तिसरे ऑफसेट. रिमच्या रुंदीची मध्यरेषा आणि हबला टेकणारा पृष्ठभाग यांतले अंतर म्हणजे ऑफसेट. रिमवर ते ‘ईटी ४५’ असे कोरलेले असते. समजा मूळ रिम ६ इंच रुंद आणि ईटी ४५ आहे. नवी घेतली ७ इंच रुंद आणि ईटी ३०. रुंदी एका इंचाने वाढल्यामुळे बाहेरची कड १२.७ मि.मी. बाहेर गेली आणि ऑफसेट कमी झाल्यामुळे आणखी १५ मि.मी. एकूण जवळपास २८ मि.मी. चाक मडगार्डच्या ओळीबाहेर आले. गाडी ‘रुंद’ दिसते, फोटो छान येतो. पण व्हील बेअरिंगवर भार आता लांबच्या टोकावरून पडतो, स्टीअरिंग खड्ड्यात हिसका देते आणि पावसाळ्यात रस्त्यावरचा चिखल सरळ दरवाज्यावर उडतो. कंपनीची रिम ठेवून मध्ये स्पेसरची चकती घालणे हाही याच चुकीचा स्वस्त अवतार, आणि त्यात भर म्हणजे नटाला पकडायला उरलेले आटे कमी होतात.

नटांचेही असेच. काही गाड्यांच्या मूळ नटाचे बूड गोलाकार असते, बाहेरच्या बहुतेक मॅगव्हीलना शंकूच्या आकाराचे बूड लागते. होंडाचे मूळ नट गोलाकार बुडाचे आहेत; ते शंकूच्या खाचेत आवळले तर पूर्ण पृष्ठभागाऐवजी एका बारीक कडेवर टेकतात. आवळताना घट्ट लागतात, काही दिवसांनी सैल होतात.

खड्डे आणि स्वस्त रिम यांचे गणित काय?

१४ इंची रिमवर १६५/८० टायर असेल तर रिमची कड आणि रस्ता यांच्यामध्ये १३२ मि.मी. उंचीची रबरी भिंत असते. १७ इंचीवर २०५/४५ लावला की ती ९२ मि.मी. होते. खड्ड्याचा धक्का झेलणारी चार सेंटिमीटरची गादी गेली. जुलै-ऑगस्टमध्ये पाण्याने भरलेला खड्डा किती खोल आहे हे कळत नाही, आणि तेव्हाच टायरच्या भिंतीला फुगा येतो किंवा रिमला बेंड. वाकलेले अ‍ॅलॉय तापवून, ठोकून सरळ करून देणारे आणि तडा गेलेल्या जागी वेल्डिंग करणारे कारागीर प्रत्येक शहरात आहेत. किरकोळ बेंड ठीक. पण वेल्डिंग केलेली रिम पुढच्या चाकाला लावून महामार्गावर जाणे म्हणजे धातूच्या नशिबावर विसंबणे आहे. उष्णतेने त्या जागची मूळ ताकद गेलेली असते आणि वरून रंग मारल्यावर ती जागा ओळखूही येत नाही.

मॅगव्हील म्हणजे हलके, हा समजही तपासून घ्यावा असा. साच्यात ओतलेली स्वस्त १७ इंची रिम कंपनीच्या १४ इंची लोखंडी रिमपेक्षा जड भरू शकते. फोर्ज्ड रिम खरोखर हलक्या आणि मजबूत असतात, पण त्यांची किंमतही तशीच. रिमच्या आतल्या बाजूला जपानच्या मानकाची ‘जेडब्ल्यूएल’ आणि स्वतंत्र चाचणीची ‘व्हीआयए’ ही अक्षरे कोरलेली असतात. भारतात रिमसाठी आयएस १६१९२ आणि कारच्या टायरसाठी आयएस १५६३३ ही बीआयएसची मानके आहेत. खूण, कमाल भार आणि आकार यांपैकी काहीच कोरलेले नसलेली रिम कितीही चमकत असली तरी जागेवरच परत ठेवावी.

स्पीकरच्या खोक्यावरचे वॅट खरे किती?

चाकांच्या बाबतीत आकडे लपलेले असतात, स्पीकरच्या बाबतीत ते मोठ्या अक्षरांत छापलेले आणि फुगवलेले असतात. खोक्यावर ठळक लिहिलेला आकडा ‘पीक’ किंवा ‘मॅक्स’ पॉवरचा, म्हणजे क्षणभराचा. सलग वाजताना स्पीकर किती शक्ती पेलतो हे ‘आरएमएस’ आकडा सांगतो, आणि तो कोपऱ्यात बारीक अक्षरांत असतो.

म्युझिक सिस्टीमवर ‘५० वॅट गुणिले ४’ असे लिहिलेले असते. शाळेच्या भौतिकशास्त्राने ते तपासता येते. सिस्टीमच्या मागे साधारण १० ते १५ अँपिअरचा फ्यूज असतो. १५ अँपिअर धरले आणि इंजिन चालू असताना मिळणारे १४.४ व्होल्ट धरले, तर सिस्टीम जास्तीत जास्त २१६ वॅट वीज घेऊ शकते. त्यातली निम्म्याच्या आसपास उष्णतेत जाते. उरलेली चार स्पीकरमध्ये वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला पंचवीस-सत्तावीस वॅट येतात. पन्नास कुठून येणार? म्हणूनच वेगळ्या अ‍ॅम्प्लिफायरशिवाय शंभर वॅट आरएमएसचे महागडे स्पीकर दरवाज्यात बसवले तर ते कंपनीच्या स्पीकरपेक्षा मंद वाजल्यासारखे वाटतात, आणि मालकाला आपण फसवले गेलो असे वाटते.

इथे वॅटपेक्षा महत्त्वाचा आकडा म्हणजे संवेदनशीलता. ती डेसिबलमध्ये असते. एक वॅटला ८७ डेसिबल देणारा आणि ९१ डेसिबल देणारा असे दोन स्पीकर असतील, तर पहिल्याला दुसऱ्याइतका आवाज काढायला अडीचपट शक्ती लागते. शक्ती दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला ‘दुप्पट मोठा’ वाटायला साधारण दहापट शक्ती लागते. ज्याला फक्त गाणी स्वच्छ ऐकायची आहेत, त्याने मूळ सिस्टीमवर ९० च्या वरच्या संवेदनशीलतेचे, चार ओहमचे चांगले स्पीकर पुढच्या दोन दरवाज्यांत लावले आणि दरवाज्याच्या पत्र्याला आतून डँपिंग शीट चिकटवली तर बहुतेक वेळा समाधान होते. मागचे स्पीकर आणि डिकीतला बफर हा नंतरचा, अनेकदा न लागणारा खर्च. दरवाजा उघडल्यावर आतला प्लास्टिकचा पातळ पडदा फाडून टाकू नये, एवढे मात्र पाहावे. काचेवरून आत उतरणारे पावसाचे पाणी तोच अडवतो. तो गेला की पहिल्याच पावसाळ्यात नव्या स्पीकरच्या पडद्याला ओल लागते.

वायरिंगमध्ये आग कुठून येते?

५०० वॅट आरएमएसचा अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण जोराने वाजताना, त्याची कार्यक्षमता ८० टक्के धरली तरी, सुमारे ६२५ वॅट वीज खेचतो. १३.८ व्होल्टला हे ४५ अँपिअर होतात. बॅटरी पुढे, अ‍ॅम्प्लिफायर डिकीत. म्हणजे जवळपास पाच मीटर वायर गालिच्याखालून जाणार. ती १० चौरस मिलिमीटर तांब्याची असेल तर वाटेत ०.४ व्होल्ट गळतात, ठीक आहे. पण हाताशी आहे म्हणून घराच्या फिटिंगची अडीच चौरस मिलिमीटरची वायर टाकली तर दीड व्होल्ट वायरमध्येच जातात, आणि त्या वायरमध्ये सुमारे ७० वॅट उष्णता तयार होते. जुन्या साठ वॅटच्या पिवळ्या बल्बपेक्षा जास्त, तीही गालिच्याच्या आणि फोमच्या खाली दाबलेली. आणखी एक फसवणूक म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर. बाहेरून जाड आणि लालसर दिसते, वीज वाहून नेण्यात कमी पडते.

फ्यूज अ‍ॅम्प्लिफायरजवळ नव्हे, बॅटरीजवळ लागतो. बॅटरीच्या टर्मिनलपासून अर्ध्या मीटरच्या आत. कारण फ्यूज वाचवतो तो वायरला. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भोकातून जाताना वायरचे आवरण घासले गेले आणि तिथे फ्यूज नसेल, तर बॅटरीची सगळी ताकद त्या एका ठिणगीत ओतली जाते. त्या भोकाला रबरी ग्रोमेट लागते. ते काही रुपयांचे असते आणि घाईत वगळले जाते.

नव्या गाड्यांत आणखी एक धोका वाढला आहे. ह्युंदाईने २०२३ मध्ये आपल्या सर्व गाड्यांत सहा एअरबॅग देण्याची घोषणा केली, २०२४ च्या नव्या स्विफ्टमध्येही त्या सर्व श्रेणींत आल्या. सहापैकी दोन कर्टन एअरबॅग छताच्या कडेने पुढच्या खांबापासून मागेपर्यंत घडी घालून ठेवलेल्या असतात. आणि हाच पुढचा खांब ट्वीटर बसवण्यासाठी बाजाराची आवडती जागा. त्याच्या आवरणाला भोक पाडून, वायर एअरबॅगच्या घडीवरून नेली, तर अपघाताच्या वेळी पडदा नीट उलगडेलच याची खात्री उरत नाही. सैल बसवलेला ट्वीटर चेहऱ्याच्या दिशेने फेकला जाऊ शकतो. एअरबॅगच्या वायर आणि कपलर पिवळ्या रंगाचे असतात. पिवळी वायर दिसली की हात मागे, हा नियम प्रत्येक फिटरला माहीत असायला हवा. सगळ्यांना असतो असे नाही. मूळ वायर कापून पिळून टेप लावण्यापेक्षा त्या मॉडेलचा तयार कपलर मागावा. वॉरंटीचा वाद सुरू होतो तो बहुधा कापलेल्या वायरवरूनच.

आवाज किती चालतो?

ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, शांतता क्षेत्रात दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. बंद काचांच्या गाडीत शंभर डेसिबल गाठणे बफरला अवघड नाही, आणि बफरचे खालचे सूर काचा अडवू शकत नाहीत. इमारतीखाली उभ्या गाडीचे ठोके चौथ्या मजल्यावरच्या काचांना जाणवतात ते यामुळेच. कानांचे म्हणाल तर अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आठ तास सोसता येतो, आणि प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. शंभर डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटे. शिवाय रुग्णवाहिकेचा सायरन ऐकू न येणे हा प्रश्न चालकाच्या कानापुरता नाही.

कायद्याची रेषा नेमकी कुठे आहे?

मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ सांगते की नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलांपासून वेगळे ठरतील असा बदल मालकाने करू नये. केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली आणि उत्पादकाच्या मूळ रचनेपासून फारकत घेणारे बदल चालणार नाहीत असे सांगत उच्च न्यायालयाचा सैल निकाल रद्द केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

अडचण अशी की खासगी कारच्या आरसीच्या स्मार्टकार्डवर इंजिन, चासी, रंग, इंधन, आसनसंख्या असते. टायरचा आकार नसतो. मग १५ ऐवजी १६ इंची रिम लावणे हा ‘तपशिलातला बदल’ आहे की नाही? वरच्या श्रेणीत कंपनीच देत असलेला आकार खालच्या श्रेणीच्या गाडीला लावणाऱ्याची बाजू भक्कम आहे. मडगार्डबाहेर आलेल्या चाकांची नाही. या दोन टोकांच्या मधला सगळा प्रदेश रस्त्यावर उभ्या असलेल्या अधिकाऱ्याच्या मतावर सोडलेला आहे.

स्पीकर बदलण्याने आरसीतले काही बदलत नाही. पण डिकीत जागा पुरत नाही म्हणून मागची सीट काढून तिथे बफरचे खोके बसवले, तर आसनसंख्या बदलली आणि प्रकरण सरळ कलम ५२ मध्ये गेले. हॉर्नलाही सूट नाही : वेगवेगळे सूर काढणारा हॉर्न नियमानुसार बेकायदाच.

विम्याचे काय?

पॉलिसीत गाडीची किंमत धरली जाते ती कंपनीने दिलेल्या स्वरूपातली. बाहेरून बसवलेल्या वस्तू स्वतंत्र नोंदवल्या नाहीत तर चोरी किंवा अपघातात त्यांचे पैसे मिळत नाहीत. विद्युत उपकरणांसाठी मोटर टॅरिफमध्ये वस्तूच्या किमतीच्या ४ टक्के हप्ता ठरलेला होता. म्हणजे ४० हजारांच्या सिस्टीमला वर्षाला १,६०० रुपये. खरा वाद मात्र याहून मोठा असतो. गाडीला आग लागली आणि सर्व्हेअरला डिकीपर्यंत गेलेली फ्यूजविना वायर सापडली, तर प्रश्न चाळीस हजारांचा राहत नाही, संपूर्ण गाडीच्या दाव्याचा होतो.

दोष केवळ हौशी मालकाचा आहे?

नाही. हौस हा गुन्हा नव्हे, आणि तरुणांनी कमाईतून गाडी सजवली म्हणून नाक मुरडण्याचेही कारण नाही. प्रश्न असा आहे की नियम पाळू इच्छिणाऱ्या मालकाने विचारायचे कोणाला? जर्मनीत बाहेरून घेतलेल्या रिमवर तिथल्या वाहन प्राधिकरणाचा, केबीएचा, क्रमांक कोरलेला असतो. त्या क्रमांकाच्या कागदपत्रात ही रिम कोणत्या मॉडेलला, कोणत्या टायरसह, कोणत्या अटींवर चालते याची यादी असते. यादीबाहेरचा बदल तपासणी संस्थेकडून पाहून घेऊन नोंदवता येतो. म्हणजे बंदी आणि मोकाट यांच्यामध्ये एक वाट आहे, आणि ती वाट विकणाऱ्याच्या दारापासून सुरू होते.

आपल्याकडे कलम १८२-अ मध्येच, सरकारने सुरक्षेसाठी महत्त्वाचे म्हणून जाहीर केलेले सुटे भाग नियमबाह्य असताना विकणाऱ्याला प्रत्येक भागामागे एक लाख रुपये दंड आणि एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. तरीही कारवाईचे चित्र दिसते ते नाक्यावर थांबवलेल्या गाडीचे, दुकानाच्या काउंटरचे नव्हे. वाहन कंपन्यांनी प्रत्येक मॉडेलसाठी चालणाऱ्या रिमचा पीसीडी, ऑफसेट, बोअर आणि भार यांची यादी संकेतस्थळावर टाकली आणि परिवहन विभागाने ती ग्राह्य धरली, तर निम्मे वाद आरटीओपर्यंत पोहोचणारच नाहीत. ही माहिती कंपन्यांकडे आहे, ती द्यायला नवा कायदा लागत नाही.

तोवर दुकानात काय पाहायचे?

बिलावर रिमचा आकार, पीसीडी, ऑफसेट आणि भारक्षमता लिहून घ्यावी. लिहून द्यायला नकार मिळाला तर तेही एक उत्तरच. चाक बसवताना नट एअर गनने शेवटपर्यंत ठोकू देऊ नयेत; हाताने फिरवून, समोरासमोरच्या क्रमाने, शेवटी टॉर्क पान्याने आवळावेत. होंडाच्या गाड्यांना १०८ न्यूटन मीटर लागतात, बाकीच्यांचा आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. शंभर किलोमीटर चालल्यावर ते पुन्हा तपासून घ्यावेत, कारण नव्या रिमचा रंग आणि खाच दबून नट किंचित ढिले होतात.

आणि कंपनीचे जुने नट दुकानात सोडून येऊ नयेत. स्टेपनी अजून लोखंडी रिमचीच आहे. रात्री कसाऱ्याच्या घाटात पंक्चर झाले, तर मॅगव्हीलचे नट त्या स्टेपनीला नीट बसतीलच असे नाही.